दुसरी लाल पट्टी

हात्सुए: गाडी उभी आहे, वाफ तयार आहे, ड्रायव्हर हा इथं समोर आहे. मग अडलंय कुठं, मास्तर?

मास्तर: तारांत अडलंय. पहाटे बर्फाच्या ओझ्यानं तारा तुटल्या. पुढच्या ओतोगे स्टेशनशी बोलणं बंद, यंत्र बंद. यंत्र बंद म्हणजे रूळ मोकळा असल्याची चकती निघत नाही आणि चकती हातात पडल्याशिवाय गाडी सोडायची नाही. रूळ एकच आहे, हात्सुएबाई. पलीकडून कोण निघालंय ते मला इथून दिसत नाही.

हात्सुए: चकतीचं मला सांगू नका. लढाईत स्टेशनातले तुम्ही सगळे पुरुष दक्षिणेला गेलात, तेव्हा ह्याच मिनासावाच्या फलाटावर चकती अडकवलेलं कडं हातात धरून मी उभी असायची. बर्फ असो, विमानं असोत. तुम्ही परत आलात आणि आम्हाला पुन्हा चुलीपुढं बसवलंत.

नेमोतो: आणि कडं असं द्यायच्या की धावत्या इंजिनातून घेताना माझा खांदा निखळायचा. अजून थंडीत ठणकतो, वहिनी.

हात्सुए: आज थट्टा नको, नेमोतोदादा. डब्यात जाऊन माझ्या पोरीकडं बघा एकदा. पोट फळीसारखं कडक झालंय. सुईणबाई म्हणतात, आतडं फुटायला आलंय. ओतोगेच्या पुढं नागातेच्या इस्पितळात आज नेली तर वाचेल. उद्याचं नाव काढू नका म्हणाल्या.

नेमोतो: बघून आलो. म्हणूनच तर इथं हुज्जत घालत उभा आहे. मास्तर, मिसाको आता रडत नाहीये. रडत होती तोवर मला बरं वाटत होतं.

मास्तर: मी काय हातावर हात धरून बसलोय का रे? नियमाप्रमाणं माणूस पाठवलाय. दंडाला लाल पट्टी बांधून, चालत, बोगद्यातून. आता तो माणूस म्हणजेच चकती. तो ज्या गाडीवर चढेल तीच चालणार. तो आला की पुढच्या क्षणी तू सूट.

हात्सुए: कधी गेलाय?

मास्तर: उजाडताना.

हात्सुए: उजाडताना? एवढ्यात माणूस ओतोगेला जाऊन, चहा पिऊन, परत येऊन झोपला असता! कोणाला पाठवलंत? त्या पांगळ्या हमालाला?

मास्तर: चांगल्या माणसाला पाठवलंय.

हात्सुए: नाव विचारतेय मी.

नेमोतो: सांगून टाका, मास्तर. किती वेळ झाकणार?

मास्तर: इवाओला.

हात्सुए: कोणाला?

मास्तर: तुमच्या इवाओला, बाई.

हात्सुए: काहीतरीच. हे रूळ झाकणाऱ्या खालच्या छपराशी बर्फ उपसायला गेलेत. भाताचे गोळे बांधून दिले मी, मिसो लावून.

मास्तर: तिथूनच बोलावून घेतला. बोगद्यातले बर्फाचे सुळे रोज बांबूनं तोच पाडतो. अंधारात आतली वाट त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? पोरीचं दुखणं तेव्हा मला माहीत नव्हतं. तोही काही बोलला नाही.

हात्सुए: त्यांना तरी एवढं कुठं माहीत होतं. काल थोडं दुखत होतं तिचं. मीच म्हटलं, सुकवलेली पर्सिमनची फळं चोरून खाल्ली असतील, खाऊ दे फळ आपल्या कर्माचं. पहाटे निघताना हे म्हणाले, संध्याकाळी आल्यावर बघू.

नेमोतो: वहिनी, मघाशी डोंगर गरजला तो ऐकलात?

मास्तर: नेमोतो!

हात्सुए: ऐकला. पोरीला घसरगाडीवर घालून मी ओढत आणत होते. आवाज बोगद्याच्या अंगाला झाला. मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, माझ्या वाटेवर नाही कोसळला.

मास्तर: कोसळलेलं बर्फ बरंचसं छपरावरून खाली नदीत गेलं असेल. रूळ बहुधा मोकळे असतील. वरच्या गावातून माणसं मागवलीत, फावडी घेऊन येतायत.

हात्सुए: कधी येणार?

मास्तर: येतील.

नेमोतो: दिवे लागल्यावर येतील. तोवर काय करायचं? मास्तर, माझ्या इंजिनाला पुढं बर्फ सारणारा फाळ आहे. शिट्टी मारत मुंगीच्या पावलानं नेतो. जबाबदारी माझी.

मास्तर: आणि इवाओ सुखरूप पोचला असेल तर? तिकडचं बर्फ लोटणारं इंजिन त्याला घेऊन ह्याच वेळी निघालं असेल तर? त्याच्या दंडावर पट्टी आहे, ते बेधडक येणार. बोगद्यात दोन इंजिनं समोरासमोर. तुझ्या डब्यात ही पोर, त्यांच्या इंजिनात तिचा बाप.

हात्सुए: मग गाडीपुढं मला चालू द्या. कंदील तुमचा नको, माझाच आणलाय. बरीच पुढं राहीन. काही दिसलं की हलवीन, दादा थांबतील. समोरच्यालाही आधी मीच दिसेन.

मास्तर: तुम्ही?

हात्सुए: तुमचा मदतनीस तापानं पडलाय, दादांचा माणूस कोळसा टाकणार, तुम्ही स्टेशन सोडू शकत नाही. राहिलं कोण?

मास्तर: पट्टीशिवाय कोणाच्या मागं गाडी सोडता येत नाही.

हात्सुए: मग बांधा पट्टी.

मास्तर: पट्टी इवाओच्या दंडावर आहे.

हात्सुए: माझ्या किमोनोच्या आत लाल नेसूचं आहे. टराटरा फाडते, दहा पट्ट्या होतील!

नेमोतो: मी तोंड फिरवतो.

मास्तर: अहो, कापडाचा का प्रश्न आहे? दोन पट्ट्या म्हणजे एका रुळावर दोन गाड्या. दुसरी बांधायची तर पहिली आधी रद्द करावी लागते. आणि ती कधी रद्द होते हे तुम्ही इथं उभं राहून शिकलात.

हात्सुए: पट्टीवाला परत आला तर.

मास्तर: किंवा?

हात्सुए: किंवा मेला तर.

मास्तर: मला ते म्हणता येत नाही, बाई. मीच त्याला हाक मारली, मीच गाठ मारली. हसून म्हणाला, मास्तर, एवढी घट्ट नको, मी काही पळून जात नाही. तो त्या वळणावरून दिसेल म्हणून मी मघापासून डोळे फाडून बघतोय. त्याला मी कसा पुसून टाकू?

नेमोतो: नुसती बोलायची गोष्ट आहे, मास्तर. मेला म्हटल्यानं कोणी मरत नाही.

मास्तर: तू गप्प बस. मेला म्हटलं की त्याची वाट बघणं संपतं. उद्या तो तिथून निघाला तरी त्याच्यासाठी रूळ मोकळा कोणी ठेवणार नाही.

हात्सुए: हा बोगदा खणताना माझे सासरे तोंडाशी बर्फाखाली गाडले गेले. बर्फ वितळेपर्यंत सापडले नाहीत. तोवर सासूबाई रोज त्यांचं पान मांडायच्या, भात, लोणचं, गरम सूप. निवलं की उचलायच्या, संध्याकाळी पुन्हा मांडायच्या. गाव हसायचं. मला वाटायचं, हिच्यासारखी निष्ठा कोणाची नाही. पण मास्तर, त्यांना पान मांडायला सवड होती. त्यांची पोरं घरात धडधाकट खेळत होती.

मास्तर: हात्सुएबाई.

हात्सुए: माझ्या एका हाताला नवरा आहे आणि एका हाताला पोर. दोन्ही हात धरून ठेवले तर दोन्ही जातील. मी त्यांची बायको आहे, माझं म्हणणं धरा. इवाओ गेले. मी सांगते, गेले. झाली रद्द?

मास्तर: हे मागं घेता येत नाही.

हात्सुए: झाली का रद्द, एवढंच विचारतेय.

मास्तर: झाली.

(हात्सुए भिंतीआड जाऊन येते. मास्तर तिच्या दंडाला लाल चिंधी बांधतो.)

मास्तर: फार घट्ट होतेय का?

हात्सुए: नाही, अजून घट्ट बांधा. चिंधी जुनी आहे, सुटेल.

नेमोतो: वहिनी, बोगद्यात धूर कोंडतो. तोंडाला ओला फडका बांधा. पाय घसरला तर कंदील वर धरूनच पडा, तेवढं करा.

हात्सुए: शिट्टी चालू ठेवा. आणि सुईणबाईंना सांगा, मिसाकोनं विचारलं तर आई पुढच्या डब्यात बसलीय म्हणावं.

नेमोतो: आणि बाबा कुठंयत विचारलं तर?

हात्सुए: कामावर.

मास्तर: एक राहिलं, बाई. विचारायला जीभ रेटत नाही. वाटेत इवाओ भेटला तर?

हात्सुए: उभे असले तरच थांबेन.