सहा हात कमी

(गावतळ्याच्या काठावर सकाळी तिघं उभी आहेत: होमगार्डचे अधिकारी राजेंद्र, दोराची थैली घेतलेली होमगार्ड अंजुम आणि बुडालेल्या जगनचा भाऊ भटू. पाण्यात, जिथे प्रेत सापडलं तिथे, पंचनाम्यासाठी एक बांबू रोवलेला आहे.)

राजेंद्र : ...दोनच ओळी आहेत, अंजुमबाई. "माझ्याकडून कर्तव्यात कसूर झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे." खाली सही करा. हे भटूभाऊ तक्रार मागे घेतील, तुमचा होमगार्डचा गणवेश अंगावर राहील, मीही चौकशीची फाईल बंद करतो.

अंजुम : कसूर कुठली तेवढं सांगा साहेब. मग सही करते.

राजेंद्र : माणूस बुडाला.

अंजुम : तो माझ्या डोळ्यांसमोर बुडाला. मी कसूर विचारली.

भटू : मी सांगस, साहेब. सोमवारे कानबाई देवीना विसर्जनले बठ्ठं गाव आठे व्हतं. मन्हा भाऊ जगन देवीना पाट लिसन पानीमां उतरना. तो बुडी ऱ्हायंता नि हाई बाई मन्हा पाठवर बशेल व्हती. मोबाईलमां शे ते. बठ्ठा जिल्हानी देखं.

अंजुम : बसले होते. खोटं नाही ते.

राजेंद्र : बघा, स्वतःच कबूल करताय.

अंजुम : तो व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा आहे. त्याच्या आधीचं कोणी काढलं नाही. उन्हाळ्यात गाळ काढला तेव्हा जेसीबीने मध्ये खड्डा पाडून ठेवला. वरून पाणी सारखंच दिसतं. जगनभाऊ पाट घेऊन पुढे गेला आणि एका पावलात डोक्यावर पाणी. मागे रमिलाबाई होती, ती त्याला धरायला गेली, तीही घसरली. मी हाक मारली. काठी पुढे केली, पुरली नाही. मग दोर भरलेली थैली फेकली, मोकळं टोक माझ्या हातात. रमिलाबाई जवळ होती, तिच्या हाताला दोर लागला. मी काठावर आडवी पडून तिला ओढली.

भटू : रमिलाबाई वाचनी, चांगलं व्हयनं. तिनाबद्दल मी काही म्हनत नही. मन्हा भाऊनाबद्दल बोल.

अंजुम : ती काठाला लागली तशी परत फेकली. दोर पुन्हा थैलीत भरायला वेळ जातो, म्हणून थैलीत नुसतं पाणी भरलं, वजन यावं म्हणून. पोचली नाही. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तू मागून पळत आलास.

भटू : माले पोव्हता येस. प्रकाशा गावले तापी नदीमां पोव्हस मी. तू माले इचारं का? पाय धरीसन पाडी दिन्हं.

अंजुम : इचाराले येळ नव्हता, भाऊ.

भटू : मन्ही माय चार दिनपासून एकच इचारस. तू कोठे व्हता? तुन्हा भाऊ पानीमां व्हता तवय तू कोठे व्हता? मी काय सांगू तिले? एक बाईनी माले चिखलमां दाबी ठेवं?

अंजुम : हां. तसंच सांग. मन्हं नाव सांग. तिले जे बोलानं ते माले बोलू दे.

भटू : एक मिनिट माले सोडं असतं ते तो आज घर ऱ्हाता.

अंजुम : ऱ्हाता भी.

राजेंद्र : म्हणजे? काय म्हणताय तुम्ही?

अंजुम : म्हणजे वाचला असता कदाचित. कदाचित दोघं गेले असते. मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही. बुडणारा माणूस भाऊ ओळखत नाही साहेब, हाताला लागेल त्याची मान धरतो. मागच्या वर्षी कालव्याच्या पाटचारीत एकासाठी तिघं उतरले. तिघंही पोहणारे. चौघांना मी गळ टाकून वर काढलं. तेव्हा मला कोणी कसूर लावली नाही. चार मेले तरी नाही. यंदा एक मेला तर तुम्ही कागद घेऊन आलात.

राजेंद्र : चिडू नका. लोक काय म्हणतात ते मी सांगतोय. गणवेशातली बाई, पोहायला येतं, आणि काठावरच राहिली.

अंजुम : काठावर राहायलाच पाठवलं होतं तुम्ही. ट्रेनिंगला तुम्हीच नाव दिलंत माझं. काय शिकवलं तिथे? आधी हाक, मग काठी, मग दोर. उतरायचं ते सगळ्यात शेवटी, कमरेला दोर असेल आणि मागे तो धरणारी माणसं असतील तर. माझ्या मागे कोण दिलं होतं?

राजेंद्र : त्या दिवशी तीन गावांत विसर्जन होतं. माणसं कुठून आणू?

अंजुम : बरं, माणसं नव्हती. आणि दोर?

राजेंद्र : दोराचा विषय इथे नको.

भटू : दोरनं काय?

अंजुम : हाऊ दोर देख. पंधरा मीटरना शे. पंचवीसना द्या म्हनीसन मी दोन अर्ज देयेल शेत.

राजेंद्र : अंजुमबाई, ते ऑफिसचं अंतर्गत आहे.

अंजुम : जगनभाऊ अंतर्गत नाही बुडाला, साहेब.

भटू : फेक.

अंजुम : काय?

भटू : तो बांबू शे ना, तठे सापडना तो. तठे दोर फेक. माले देखनं शे.

राजेंद्र : अहो, गावातले लोक बघतायत, इथे तमाशा...

भटू : तुम्ही थांबा, साहेब. फेक, बाई.

अंजुम : थैली बांबूना पलीकडे पडाले पाहिजे. मंग दोर मानूसना खांदावर येस. देख.

भटू : ...अलीकडेच पडनी.

अंजुम : आखो एक येळ फेकस.

भटू : नही. माले दे. मिरच्या सुकाडतस त्या पथारीवर दिनभर पोतं उचलस मी, मन्हा हातमां जोर शे.

अंजुम : मोकळं टोक डावा हातमां घट्ट धर. नही ते बठ्ठा दोर पानीमां जाई. पाय फाक. हां, आत्ते फेक.

राजेंद्र : झालं? झालं समाधान?

भटू : दोर सरी गया. हातले झटका बसना नि थैली तठेच पडनी.

अंजुम : तुन्हा जोर कमी नही. दोर कमी शे.

भटू : कितला?

अंजुम : सहा हात. सोमवारेच मोजं मी, त्याले बाहेर काढानंतर.

भटू : सहा हात.

राजेंद्र : भटूभाऊ, झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. पण गणपती पंधरा दिवसांवर आलेत. वरून रोज फोन येतात मला. बाईंनी सही केली की सगळ्यांच्या डोक्याचा ताप जाईल.

अंजुम : मी लिहून आणलंय, साहेब. माफीनामा नाही, जबाब आहे. वाचते. "मी जगन यांचे भाऊ भटू यांना पाय धरून पाडलं आणि पाण्यात जाऊ दिलं नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा पाडीन. दोर सहा हात कमी पडला. लांब दोरासाठी मी दोन अर्ज दिले होते. त्यांच्या पोचेच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

राजेंद्र : हे दिलंत तर गणवेश उतरवावा लागेल. मग माझ्याकडे येऊ नका.

अंजुम : उतरवा. गणपतीला मी पंजाबी ड्रेस घालून इथे उभी राहीन. दोर बाजारातून आणीन. काठावर उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

राजेंद्र : आणि हे सहा हात? तुम्ही एकटीने मोजले. कोण मानणार? साक्षीला कोण आहे तुमच्या?

भटू : बाई, तुले माफ करं नही मी.

अंजुम : माफी मांगी नही मी.

भटू : ते माले ठाऊक शे. कागद आन आथा. साक्षीदारनी सही कोठे करतस?