चिमूटभर धूप

अरिशात : गोड बोलणं पुरे झालं, दातिवस. आलास कशाला, ते सांग.

दातिवस : सख्ख्या बहिणीकडे यायला कारण लागतं का, ताई?

अरिशात : तीन वर्षं तोंड दाखवलं नाहीस, तर आज लागणारच. डोंगरातून कार्थेजला परतून तुला महिना झाला. मासळीबाजारात तुला सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून.

दातिवस : लिहीत होतो. नवं पुस्तक चालू आहे.

अरिशात : तू लिहायला बसलास की मला धडकीच भरते. बस. अरे तिथे नको, मातीचे ओले दिवे वाळत घातलेत. अंजीर घे.

दातिवस : नको.

अरिशात : मग भाकरी देते. तेल आहे ताजं.

दातिवस : उपास आहे माझा.

अरिशात : आज? आज ना बुधवार, ना शुक्रवार. आणि अंगाला वास येतोय तुझ्या. एरवी रोज स्नानगृहात तासभर डुंबणारा माणूस तू. आंघोळ नाही, फळ नाही, तेल नाही. सुका उपास धरलायस होय ना?

दातिवस : धरला असेल. त्यात वाईट काय आहे?

अरिशात : वाईट काही नाही. फक्त असला उपास आपल्या ख्रिस्ती मंडळीत कुणी धरत नाही. तो त्या स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्या लोकांचा. म्हणजे बाजारात म्हणतात ते खरंय तर. त्यांच्यात गेलास तू.

दातिवस : त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की ज्यांनी प्रभूला नाकारलं त्यांना त्याच्या मेजावर पुन्हा बसता येणार नाही.

अरिशात : म्हणजे मला.

दातिवस : मी तुझं नाव घेतलं नाही.

अरिशात : नाव न घेता बोलण्यात तुझा हात कोण धरील! वक्तृत्वाचा मास्तर होतास ना. भर चौकात भाषण ठोकलं होतंस, हे ख्रिस्ताचे लोक गाढवाचं डोकं पुजतात म्हणून. तेव्हाही माझं नाव घेतलं नव्हतंस. लोक मात्र हसत माझ्याचकडे बघत होते.

दातिवस : तेव्हा मी आंधळा होतो, ताई. ते पाप बाप्तिस्म्यात धुतलं गेलं.

अरिशात : आणि त्या पाण्यापर्यंत तुला आणलं कुणी? लुकिला तापानं गेली तेव्हा तुझ्या त्या श्रीमंत शिष्यांपैकी एक तरी उंबऱ्याशी फिरकला का? साथीच्या भीतीनं आख्खी गल्ली दारं लावून बसली होती. तुझ्या बायकोला खांदा दिला कुणी?

दातिवस : गार्गिलियसनं, आणि सनामे म्हातारीनं. विसरलेलो नाही मी. ज्या लोकांची टिंगल केली तेच आले, म्हणून तर त्यांच्या देवाला शोधायला निघालो. पहिल्याच पुस्तकात लिहिलंय मी ते.

अरिशात : तिथेही नावं गाळलीस. ‘देवाची माणसं आली’ म्हणे. ती देवाची माणसं सध्या रविवारी कुठे असतात, ठाऊक आहे? मंडळीच्या दाराबाहेर. माझ्या शेजारी. ‘मूर्तीपुढे धूप टाका, नाहीतर तुरुंग’ असा सम्राटाचा हुकूम आला तेव्हा माझ्यासारखाच दोघांनीही धूप टाकला. गार्गिलियस तर ओक्साबोक्शी रडत होता टाकताना.

दातिवस : मला त्यांची कीव येते.

अरिशात : कीव तुझी तुझ्यापाशीच ठेव. कामाचं बोल.

दातिवस : ताई, तीन वर्षांपूर्वी मी तुला डोंगरातून एक पत्र पाठवलं होतं.

अरिशात : आलास एकदाचा मुद्द्यावर! मी म्हटलंच, हा असाच यायचा नाही.

दातिवस : त्यात मी लिहिलं होतं, की भीतीनं पडलेल्यांनी पश्चात्ताप केला तर त्यांना परत घ्यावं.

अरिशात : आणि येत्या रविवारी बिशप ते पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचणार, आणि त्याच्या आधारावर आम्हा चौदा जणांना आत घेणार. तुझा शब्द मानतात ना सगळे. हे कळलं, म्हणून तुझे पाय इकडे वळले.

दातिवस : ते परत दे मला. आता माझं मत तसं नाही.

अरिशात : का बरं? देव बदलला का तीन वर्षांत?

दातिवस : माझी समज वाढली. वेस्तिया आठवते तुला? माझी शिष्या, एकोणीस वर्षांची. तिच्याही हातात धूप दिला होता त्यांनी. तिनं तो जमिनीवर फेकून दिला आणि तुरुंगात मेली. तुला आत घेतलं तर तिच्या मरणाला काय अर्थ राहिला? दोघी सारख्याच, असं म्हणू मी?

अरिशात : नाही. सारख्या नाही. तिची सर मला कुठून येणार?

दातिवस : मग?

अरिशात : तुरुंगात तिला भाकरी कोण पोचवायचं, ते विचारलंस का कधी?

दातिवस : कोण?

अरिशात : मी. धूप टाकला की सरकारी दाखला मिळायचा. तो दाखवल्याशिवाय पहारेकरी कुणाला आत सोडायचा नाही. अकरा दिवस गेले मी. पहिल्या दिवशीच तिला सांगितलं, पोरी, ह्याच हातानं धूप टाकलाय, चालेल का? तिनं माझा हात धरला आणि भाकरी खाल्ली. ती तुझ्यापेक्षा कमी शुद्ध होती का रे?

दातिवस : हे तू मला कधी कळवलं नाहीस.

अरिशात : कुणाच्या हाती कळवू? तू कुठे लपलायस ते शहरात एकट्या मला माहीत होतं, आणि तेच जिभेवर येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होते. धूप टाकायच्या त्या चौथऱ्यावर शिपाई दोन प्रश्न विचारायचे. पहिला, धूप टाकतेस का? नाही म्हटलं की दुसरा, तुझा भाऊ कुठे आहे? आणि तो विचारताना ते नुसतं विचारत नसत. आपल्या मंडळीतल्या बारिकची फटक्यांनी फाटलेली पाठ बघितली होती मी. दुसऱ्या प्रश्नाला मी टिकले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिल्यालाच चिमूट टाकून मोकळी झाले.



दातिवस : माझ्यासाठी?

अरिशात : घाबरलेही होते. सगळंच तुझ्यावर ढकलत नाही मी.

दातिवस : मी पळायला नको होतं. आता नव्या पुस्तकात तेच लिहितोय. छळ आला तर पळणं हेही नाकारणंच.

अरिशात : बरं. मग तुझ्या त्या पळण्याला माफी कुणी दिली?

दातिवस : मी उपास करतोय. रडतोय. रोज.

अरिशात : मीही तेच करतेय. तीन वर्षं, दाराबाहेर उभी राहून. फरक एवढाच, की मला पडताना गावानं पाहिलं. आता खरं सांग. हे पत्र तुला हवंय, की त्या लोकांना?

दातिवस : ताई...

अरिशात : उपदेशक करणार आहेत ना तुला? आणि अट घातलीय, आधी ते पत्र आणून दाखव.

दातिवस : जाळायचंय. त्यांच्यासमोर.

अरिशात : हं. निदान एवढं तरी खरं बोललास. त्यात काय लिहिलंयस, आठवतं तरी का तुला?

दातिवस : मुद्दे आठवतात.

अरिशात : मला वाचता येत नाही, पण पाठ आहे. ‘मला चालायला माझ्या ताईनं शिकवलं. मी किती वेळा पडलो ते तिनं मोजलं नाही. देव तिच्याहून कंजूष असेल असं मला वाटत नाही.’

दातिवस : पुरे. कुठे आहे पत्र?

अरिशात : परवाच दिलं बिशपच्या हातात. तू मागतोस की नाही, तेवढंच बघत होते. मागू नयेस म्हणून प्रार्थनाही केली होती.

दातिवस : मग मला दुसरा मार्ग उरत नाही. रविवारी मंडळीत उभा राहून सांगेन, ते अक्षर माझं नाही.

अरिशात : खोटं बोलशील? सगळ्यांसमोर?

दातिवस : चर्च शुद्ध राहावं म्हणून.

अरिशात : सांग मग. गार्गिलियस असेल तिथे, सनामेही असेल. आम्ही काही तुला अडवायचो नाही. पण एक विचारते, बाळा. त्यानंतर तुझ्यासाठी पत्र कोण लिहील?