भिंतीवरच्या टिकल्या

दि. १०/०२/१९९७, सकाळी ११.२०

चंद्राबाई आकाराम घोरपडे, वय ४३ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, रा. नांदवडी, ता. कोरेगाव, जि. सातारा.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी चौदा वर्षे गावची अंगणवाडी चालवते. मुलांची व गरोदर बायकांची वजने घेणे, गोळ्या देणे हे माझे काम आहे.

अंगणवाडीच्या भिंतीवर गावाचा हाताने काढलेला नकाशा आहे. त्यात घरोघरचे चौकोन आहेत. ज्या घरी गरोदर बाई, त्या चौकोनावर मी माझ्या पाकिटातली लाल टिकली लावत असे. ही पद्धत माझीच. वरिष्ठांनी कौतुक केले होते व मीही फुशारले होते.

दि. ३/२ रोजी दुपारी मुकुल सांभारे हा सांगलीच्या एका कंपनीचा विक्रेता आला. गरोदर बायकांच्या ताकदीची पावडर विकतो म्हणाला. टिकल्या कशाच्या, असे त्याने विचारले व मी हौसेने सांगितले. ती माझी चूक, तशीच लिहून घ्यावी. मी चहा ठेवायला वळले तेवढ्यात त्याने नकाशा वहीत उतरवून घेतला.

दि. ६/२ रोजी तो टिकलीच्या अकरा घरी डबे घेऊन फिरला. त्यातल्या एका सुनेचे पोट दोनदा पडले आहे. नवरा फौजेत. पाचवा महिना लागेपर्यंत बाहेर बोलायचे नाही ही आमच्याकडची रीत. मला तेवढे सांगितले होते, तेही गोळ्यांसाठी. याने ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना "अभिनंदन वहिनी" म्हणून डबा पुढे केला.

तिची सासू तडक अंगणवाडीत आली. म्हणाली, "आमी घरच्या भितीला कळू दिलं न्हाई, आन् तुमी भितीवर टिकली लावली व्हय?" मी रडले.

नंतर एसटीच्या थांब्यावर मी मुकुलला गाठले. तो म्हणाला, "भिंतीवर उघडंच होतं बाई. मी काय चोरलं?" मी म्हणाले, "दोरीवरचं लुगडं रस्त्यावरनं दिसतंय, म्हणून तुमी घरात शिरणार व्हय?" त्याच्या वहीतले ते पान मी फाडले आणि वही त्याच्या हातात परत दिली. पान चुलीत घातले. त्याची चोरीची तक्रार आहे ती या एका पानाची. मला पश्चात्ताप नाही. पुन्हा उतरवून घेतले तर पुन्हा फाडीन.

त्याच संध्याकाळी तीन पाकिटे टिकल्या आणून मी नकाशातल्या प्रत्येक घराला लावल्या, मारुतीच्या देवळाला आणि चावडीलाही. आता कोणीही खुशाल उतरवून घ्यावे. खरी घरे कोणती, असे वरिष्ठांनी विचारले आहे. ती माझ्या डोक्यात आहेत.

शनिवारी वजनाचा दिवस होता. अकरापैकी सात जणी आल्या. ती सून आली नाही. मी गोळ्या घेऊन गेले, दार उघडले नाही. इथून सुटल्यावर परत जाणार आहे.

तपासासाठी तिचे नाव मला तीनदा विचारण्यात आले. मी सांगितले नाही, सांगणारही नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तक्रारदार मुकुलच्या सांगण्यावरून त्यात तिच्या घराची खूण लिहिली गेली होती. ती मी वाचता येणार नाही इतकी गडद खोडायला लावली व खोडल्या जागेशेजारी सही केली. आता जबाब बरोबर आहे.

(सही) चंद्राबाई आकाराम घोरपडे