काकांचे गुरुवार

आदरणीय अध्यक्षा गौराताई, मंचावरची पाहुणेमंडळी, मोखाड्याहून आलेले सहकारी, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे तुळशीदासकाका,

मी मंगेश, संस्थेचा मोजणीवाला. डोंगरात हिंडून वनपट्ट्यांचे नकाशे करतो. शाळेत फार टिकलो नाही, तेव्हा भाषणही कुठं वळेल सांगता येत नाही.

मागं एकदा हे नकाशे ठेवायला सर्व्हर निवडायचा होता. ठाण्याहून तीन कंपन्यांचे साहेब आले. बिस्किटं छान होती, ते असो. तिघंही म्हणाले, एक सर्व्हर जव्हारला, एक मोखाड्यात. इथं लिहिलेलं तिथं आपोआप उतरेल, एक पडला की दुसरा काम उचलेल. काकांनी प्रत्येकाला सूर्यमाळच्या देवरामदादांच्या वनपट्ट्याचा नकाशा उघडायला लावला आणि मधेच चालू सर्व्हरचा प्लग उपटला.

"अहो, असं अचानक कसं?"

"तुमच्याकडं लाईट सांगून जाते का?"

दोघांचे नकाशे अडकले. तिसऱ्याचा जरा थबकला आणि पुढं चालला. तरी काकांनी मोखाड्याला फोन लावून नकाशाखालच्या नोंदीची शेवटची ओळ तिथंही उतरली का, ते वाचून घेतलं. मगच चहा.

असा माणूस दर गुरुवारी न सांगता गायब, फोनही बंद. एकदा तर नेटची वायर पिशवीत घालून नेली. मी तोंडावर विचारलं, "काका, गुरुवारी मशीन आजारी असते की तुम्ही?"

"वही वाच," एवढंच म्हणाले. ऑफिसातल्या प्रतिक्षाताई आणि मी चडफडत, काय अडलं तर काय करायचं ते लिहिलेली त्यांची वही उघडून काम निभवायचो.

मग गेल्या वर्षी वीज पडली. जव्हारचा सर्व्हर जळाला, नेटचं डबडंही. त्याच दिवशी देवरामदादांची सुनावणी. नकाशा नाही तर कसत्या जमिनीचा दावा गेला. काका नाशिकला, काकूंच्या ऑपरेशनला. प्रतिक्षाताईंनी मोबाईलचं नेट जोडलं आणि मोखाड्याचा सर्व्हर गाठला. हे आम्ही वायर नसलेल्या गुरुवारी केलंच होतं की.

देवरामदादा पडद्यावर वाकले. "माझा बांधावरचा आंबा हाय का त्यात?"

होता. दावा टिकला.

तेव्हा कुठं उमगलं. काका सुट्टी मारत नव्हते. स्वतःचा प्लग उपटून बघत होते.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भरकटलो असेन, जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. आज बुधवार. काका, उद्या फोन बंदच ठेवा.