सहाव्या रकान्यातील खुणेबाबत

मी, नाव नोंदवहीत आहे त्याप्रमाणे, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (वॉर्ड कार्यालयात कारकून), राहणार वाचनालयामागची गल्ली, समक्ष हजर राहून जबाब देते की, घड्याळ दुरुस्तीचे दुकान चालवणारे माझे मामा, वय ७१ वर्षे, गुरुवारपासून बेपत्ता आहेत.

दोन महिन्यांपूर्वी अल्पसंख्याक कुटुंबांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. पन्नास घरे भरली तर वॉर्डात दवाखाना मंजूर होणार होता. दारोदार फिरून मी एकोणपन्नास भरली. अल्पसंख्याक ठरायलाही आमची संख्या कमी पडते, याचे मला तेव्हा हसू आले होते.

मामांकडे अर्ज नेला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी घड्याळजी आहे. आता म्हातारपणी एकदम अल्पसंख्याक? दुकानात एकटाच तर बसतो, आणखी किती अल्प होऊ?" मी म्हटले, "मामा, नुसता सरकारी शब्द आहे. अर्थ एवढाच, की आपल्याकडे जरा लक्ष द्यावं." ते म्हणाले, "अगं, तेच तर नको." 'अल्पसंख्याक असल्यास खूण करा' हा सहावा रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि मला चहा पाजला.

नियमाप्रमाणे यादी पंधरा दिवस कार्यालयाबाहेर लावली. पत्ता चटकन सापडावा म्हणून प्रत्येक नावापुढे खाणाखुणा मी हौसेने लिहिल्या होत्या. हरकत कोणी घेतली नाही. फोटो बऱ्याच जणांनी काढले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दहाबारा जण मोबाइलवर तो फोटो बघत दुकानात शिरले व मामांना गाडीत घालून घेऊन गेले. मी पोहोचले तेव्हा काचा फुटलेल्या होत्या. मामांचा चष्मा मेजावरच होता. त्याच्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही ओळखू येत नाही. शेजारचा न्हावी माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, इतकी वर्षं त्यांची दाढी केली, आम्हाला कुठं ठाऊक होतं ते तुमच्यातले? यादीत वाचलं तेव्हा कळलं."

दवाखाना मंजूर झाला आहे.

मामा परत येतील असे मला वाटत नाही. कोणावर संशय आहे का, असे हवालदारांनी विचारले. मामांच्या नावापुढची सहाव्या रकान्यातील खूण मी त्यांना न विचारता, जेवणाच्या सुट्टीत केली. पन्नासावे घर त्यांचे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे.