छावणीतली ट्यूब आणि तिसरा

टिक्... टिक्... घूंऽऽ! अशी कुरकुरत पेटायची हो ती, संस्थेच्या चारा छावणीतली ट्यूब! किती वर्षं झाली, अजून कानात घुमती. आणि तुमी विचारता, आश्रुबा, एकटे काहून राहता? सांगतो ना!

दुष्काळ पडलेला. नेकनूरकडच्या छावणीत मी, माझी लेक केसर अन् तिचा बैल. एकच बैल! नवऱ्याशी भांडून आली तेव्हा बैलजोडीसुद्धा वाटून घेतली की दोघांनी! ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता मोजतात. हे झाले दोन अर्धे कोयते. अर्ध्याला कोणता मुकादम विचारतो? अन् दुसरा बैल घेऊन जावई, सुग्रीव, आला कुठं? त्याच छावणीत!

दिवेलागणीला ट्यूब पेटली. शेजारच्या दावणीचे आप्पाराव गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवलेले, म्हशीला चारा टाकता टाकता सुरू... "आश्रुबा, ह्या नळीत वायू आहे. विजेनं त्याचे कण फुटतात, जोडीदार सुटतात, मग नुसती धडकाधडकी! उजेड त्यातूनच." म्हटलं, पुन्हा जुळत न्हाईत? "जुळतात. पण दोघंच धडकले तर बहुतेक उडून जातात, अंगात जोर फार. तिसरा लागतो. तो जादा जोर घेतो अन् लांब जातो."

तिसरा लागतो! मला कोण आनंद! दुसऱ्या दिवशी केसरला बादली देऊन टाकीवर धाडलं, सुग्रीवलाही तिकडंच. धडक!

"दिसत न्हाई का?" केसर फणकारली.

"तुझ्या बापाची टाकी हाय का?"

तिसरा लागतो म्हणत मी घुसलो मधी. "जावईबापू, न्या हो तिला घरी." झालं! सुग्रीव म्हणतो, "मामा, तुमीच लाडावून ठेवली!" केसर म्हणती, "आबा, मला न विचारता तुमी कोण पाठवणारे?" तो म्हणतो, "बरोबर बोलती ती!" ती म्हणती, "ह्यांचंबी खरंच हाय!" तुमाला सांगतो, दोघांनी मिळून मला असं धुतलं, असं धुतलं... अन् तिकडं बैल एकमेकांची मान चाटायलेत!

सकाळी दोन्ही बैल एका दाव्याला. केसरनं गाठोडं उचललं.

तिसरा लागतो, अन् जुळलं की त्यानंच लांब जायचं असतं. पण मी कुठं जाणार हो? छावणीत माझं एकबी जनावर नव्हतं... नुसती केसर होती. मी तिथंच बसून राहिलो. मग तीच निघाली, नवऱ्यामागं, बैलांमागं... तवापासून मी एकटा.