दया या शब्दापुढचं नाव

"हॅलो? …हॅलो, यवतमाळ? …छापखाना ना? …वामनरावांना बोलवा. …हो, हो, थांबते. पण लवकर हो, ट्रंककॉल आहे."

पांढरकवड्याच्या पोस्टात दोन तास ताटकळल्यावर विमलताईंना हा फोन लागला होता, आणि हाती होती फक्त तीन मिनिटं. शेजारी भिंतीला टेकून बिजलीबाई उभी होती, कडेवर दोन वर्षांची लेक घेऊन. पहाटे बंजाऱ्यांच्या तांड्यावरून निघून ती चार कोस चालत आली होती. आल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, की पुस्तकातलं ते नाव काढा. पोस्टमास्तरांनी डोकं कागदांत घातलं होतं, कान मात्र फोनकडे लावले होते.

"वामनराव? …मी विमल. तांड्यावरच्या साक्षरता वर्गाची. …पुस्तिकेचंच बोलते आहे. दयामायेचे शब्द… हो, तीच. छापून झाली का? …काय? …मोठ्यानं बोला ना. …शेवटचा फर्मा मशीनवर चढवला? …सातवं पान त्यातच ना? …मग उतरवा. …अहो, ऐका ना. आधी उतरवा, मग रागवा."

या पुस्तिकेचं सगळं विमलताईंच्या हौसेनं झालेलं. वर्गातल्या बायकांना दयामायेचे शब्द शिकवावेत म्हणून त्यांनी एकदा फळ्यावर लिहिलं, 'दया म्हणजे परदुःखाने मनात उपजणारा कळवळा.' कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेवटी म्हातारी रामीबाई म्हणाली की असं सांगून काय समजणार, कोणी केली ते सांगा. तेव्हापासून त्या वर्गात शब्दाचा अर्थ विचारला की बायका माणसाचं नाव सांगू लागल्या. आसरा म्हणजे धावजी नायकाचा ओटा. धीर म्हणजे रामीबाई, बाळंतिणीचा हात न सोडणारी. विमलताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांची वाक्यं नावांसकट उतरवली, प्रत्येक वाक्याखाली सांगणारीचं नाव घातलं आणि छापखान्यात धाडून दिली. शिकल्या माणसाला एक अक्कल जास्त मिळते आणि एक कमी पडते, ती अशी.

"पान सातवं काढा. दया. …वाचा. …बरोबर. 'मी अडले तेव्हा रहमतने मला ट्रकात बसवून दवाखान्यात नेलं. त्याला दया म्हणतात. बिजलीबाई.' …त्यातलं रहमत काढायचं. …नाही हो, छापायची चूक नाही. नाव बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे. …तरीपण काढायचं."

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी सडकेकडेच्या शेतात बिजलीबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि तेव्हा ती एकटीच होती. नवरा हिरासिंग सोयरीक ठरवायला फुलसावंगीकडे गेलेला. रहमत नावाचा ट्रकवाला सडकेवर इंजिनात पाणी घालत होता. त्यानं तिला ट्रकात घेतलं, दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि तो हैदराबादकडे निघून गेला. घरी तिनं सांगितलं की एस.टी.च्या मोटारीनं गेले. वर्गातल्या बायकांना तिनं खरं सांगितलं, आणि बायकांनी ते पोटात ठेवलं.

पोटात राहिलं नाही ते विमलताईंच्या. काल नायकाच्या ओट्यावर, पुरुषमंडळींसमोर, कोणाकोणाचं नाव पुस्तकात कशासाठी येणार ते त्यांनी कौतुकानं खणखणीत वाचून दाखवलं. हिरासिंग तिथंच बसला होता. घरी जाऊन त्यानं बायकोला बजावलं की बोललेलं लोक विसरतील, पण छापलेलं साऱ्या जिल्ह्यात जाईल. परक्याच्या ट्रकात बसल्याचं तुझ्या नावानिशी छापून आलं, तर लेकीला घे आणि माहेरची वाट धर.

"काहून? …काहून म्हणून काय विचारता, वामनराव? त्या बाईचं घर मोडते आहे. …हो. माझ्या शहाणपणानं. …म्हणते ना, माझीच चूक. …ती इथंच उभी आहे. …तिचं नाव काढून? …नाही हो, सगळ्यांची नावं आहेत, एकीचंच नसलं तर लगेच ओळखतील. …बरं, मग रहमतच्या जागी काय घालायचं? …'एका माणसाने'? …नको, नको. मग तो एक माणूस कोणता, हे अख्खा तालुका शोधत बसेल. …तेवढ्याच जागेत बसायला पाहिजे? …आता मी कुठून आणू तेवढ्या जागेचा माणूस? …काय म्हणालात? …देवाने?"

मध्येच एक्स्चेंजची बाई बोलली.

"हो, हो, एक मिनिट राहिलं, कळलं मला. …वामनराव, आहात ना? …'देवाने मला ट्रकात बसवून दवाखान्यात नेलं.' …ट्रकाचं राहू द्या हो, देव कशातही बसतो. …थांबा, तिला विचारते. ठेवू नका."

विमलताईंना हायसं वाटलं. देवाच्या ट्रकात बसली म्हणून कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. सकाळपासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, तो आता उतरला असता. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी घाईघाईनं सांगितलं की रहमतच्या जागी देव घालतात, सुटलीस तू, फक्त हो म्हण.

बिजलीबाई हो म्हणाली नाही. लेक तिच्या ओढणीवरचा आरसा खुडत होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

"ताई, हे पोरगी मोठी झाल्यावर हे पुस्तक वाचन काय?"

"वाचेल ना. काहून नाही वाचणार? पण आता बोल लवकर, फोन तुटेल."

बिजलीबाईनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हात पुढे केला. तिनं जन्मात फोन धरला नव्हता. विमलताईंनी तो तिच्या कानाशी नीट लावून दिला, आणि आपण हे का करतो आहोत ते त्यांनाही कळलं नाही.

"हॅलो… आयकू येते काय? …मी बिजलीबाई. …हो, त्या पुस्तकातली. …दादा, देव नोका लिहू. …नाई, नाई. म्या त्या दिवशी देवाले लय हाका मारल्या. देव आला नाई. रहमत आलता."

पोस्टमास्तरांनी मान वर केली. विमलताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

"…मालूम हाय मले. …घर माहं हाय, दादा, मी पाहतो. …त्यानं माही जात इचारली नाई, अन् मी त्याचं नाव खोडू? …राहू द्या नाव. पोरगी वाचन तवा तिले खरं दिसलं पायजे. …काय म्हन्ता? …बरं. …बरं, दादा."

तिनं फोन परत दिला. विमलताईंनी तो कानाला लावला तेव्हा वामनरावांचा आवाज गेला होता.

"हॅलो? …हॅलो, वामनराव? …कोण, एक्स्चेंज? …झाली का तीन मिनिटं?"

वामनराव काय म्हणाले, हे त्यांनी नजरेनंच विचारलं. जसं हाय तसं छापतो म्हन्ते, असं बिजलीबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग पाठ फिरवून ती दाराकडे चालू लागली, तांड्याच्या वाटेनं, एकटीच.

"…नाही, आणखी तीन मिनिटं नकोत. …म्हटलं ना, नकोत. मला जायचं आहे."

रिसीव्हर आपटून विमलताई तिच्यामागं धावल्या. दारात तिला गाठून त्यांनी लेकीला आपल्या कडेवर घेतलं. हिरासिंगापुढे तिच्याआधी आपण उभं राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. चार कोस चालायचं होतं.